माशीमांची वही

हावड्यातील शिबपूर भागात, मंदिरतळ्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर, एका जुन्या दुमजली घराच्या तळमजल्यावर एक लोखंडी पेटी आहे. तीत हिशेबाच्या साठाहून अधिक वह्या आहेत. लाल कापडी बांधणीच्या, लांबट, बंगाली दुकानदार ज्याला ‘खेरोर खाता’ म्हणतात त्या घाटाच्या. अक्षर मात्र बाळबोध आणि भाषा मराठी. १९५७ साली नागपूरहून लग्न होऊन येथे आलेल्या एका गृहिणीने त्या लिहिल्या. यजमान रेल्वेत होते. ज्या मार्गाला लोक दीर्घकाळ ‘बंगाल–नागपूर रेल्वे’ म्हणून ओळखत, त्या मार्गाने अनेक मराठी कुटुंबे हावडा-खरगपूरकडे आली आणि येथेच राहिली, त्यांतलेच हे एक. शेजारी त्यांना प्रथम ‘बौदी’ म्हणत; आता वयाची पंचाऐंशी उलटल्यावर त्या साऱ्या गल्लीच्या ‘माशीमा’ झाल्या आहेत.

पहिल्या वहीत आणे आणि नवे पैसे शेजारीशेजारी आहेत, कारण दशमान नाणी त्याच वर्षीच्या एप्रिलपासून चलनात आली होती. पुढच्या वह्यांतून शेर जातो आणि किलो येतो. गोवऱ्या व दगडी कोळसा जातात, रॉकेल येते, मग गॅसचे सिलिंडर येते. शब्दही हळूहळू बदलतात. पहिल्या वर्षी ‘बटाटे’ लिहिलेले तिसऱ्या वर्षी ‘आलू’ होतात, परवराचे ‘पटोल’ होते आणि शेंगदाण्याच्या तेलाची जागा ‘शोरशे’ घेते. एक गोष्ट मात्र बदलत नाही. प्रत्येक महिन्याच्या पानावर ‘श्री’च्या खाली पहिली नोंद मिठाची असते. त्याचे कारण त्यांनी एकदा नातीला सांगितले होते : “बाकी सगळ्याला पुढच्या महिन्यात बघू म्हणता येतं. मिठाला नाही म्हणता येत.”

राजकारणाविषयी या वह्यांत एक वाक्यही नाही. तरीही विरोधी पक्षांची आर्थिक टीका या देशात कोठे जन्मते, कोणत्या भाषेत बोलते आणि कोठे पोचल्यावर तिचा आवाज बसतो, हे समजून घ्यायचे असेल तर एखाद्या जाहीरनाम्याइतकाच या वह्यांचाही आधार घ्यावा लागेल.

प्रथम शब्दाचाच विचार करावा. मराठीतील ‘महाग’ आणि बंगालीतील ‘मागगि’ हे दोन्ही शब्द संस्कृत ‘महार्घ’चे वंशज. मराठी पगारपत्रकावर ‘महागाई भत्ता’ असतो. बंगाली कारकून सरकारी कागदावर ‘महार्घ भाता’ लिहितो आणि घरी बायकोशी बोलताना ‘मागगि भाता’ म्हणतो. अर्घ म्हणजे मूल्य. पूजेतील ‘अर्घ्य’ही याच घरातले. ज्या शब्दाने एकेकाळी वस्तूचा मान सांगितला, त्यानेच पुढे ती वस्तू हाताला न लागण्याचे दुःख सांगावे, हा अर्थपालट दोन्ही भाषांनी स्वतंत्रपणे पण सारखाच केला. भाषा वेगळ्या असल्या तरी बाजार एकच होता.

या दुःखाला राज्यकर्त्यांच्या भाषेत मांडण्याची परंपराही याच परिसरात सुरू झाली आणि तिच्यात मराठी माणसांचा वाटा मोठा होता. २६ मार्च १९०२ रोजी, कलकत्ता ही राजधानी असताना, गोपाळ कृष्ण गोखले यांनी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात आपले पहिले अर्थसंकल्पीय भाषण केले. सरकारी तिजोरीत वर्षानुवर्षे शिल्लक पडत होती आणि ती प्रजेच्या भरभराटीची खूण मानली जात होती. गोखल्यांनी हा समज उलटा करून दाखविला. रुपयाचा दर घसरला तेव्हा तूट भरून काढण्यासाठी कर वाढविले गेले. दर स्थिरावल्यावर ते उतरविले गेले नाहीत. म्हणून ही शिल्लक समृद्धीची नसून दुष्काळाने पिचलेल्या प्रजेकडून गरजेपेक्षा अधिक घेतल्याची आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. या भाषणामागची आकड्यांची सिद्धता गणेश व्यंकटेश जोशी या अर्थशास्त्रज्ञ शिक्षकाच्या साहाय्याने झाली होती. मागण्यांतील एक प्रमुख मागणी मिठावरील कर कमी करण्याची होती. पुढच्याच वर्षी तो मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि १९०७ पर्यंत एक रुपयावर उतरला. गोखल्यांच्या हाती सत्ता नव्हती, मतांचे बळ नव्हते; होता तो फक्त हिशेब. परंतु तो हिशेब शेवटी चुलीजवळच्या मिठाच्या भांड्यापर्यंत पोचला.

दोनच वर्षांनी, १९०४ साली, सखाराम गणेश देऊसकर यांचे ‘देशेर कथा’ हे पुस्तक बंगालीत प्रसिद्ध झाले. देवघरच्या परिसरात जन्मलेला हा मराठी कुळातला लेखक बंगाली पत्रकारितेत नावाजलेला होता. दादाभाई नौरोजी, विल्यम डिग्बी, रमेशचंद्र दत्त यांनी इंग्रजीत मांडलेली देशाच्या शोषणाची मीमांसा त्याने सामान्य बंगाली वाचकाच्या हाती दिली. स्वदेशीच्या काळात ते पुस्तक घरोघर गेले आणि १९१० मध्ये सरकारने ते जप्त केले. नौरोजींचा इंग्रजी ग्रंथ जप्त झाला नव्हता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तीच टीका इंग्रजीत असताना सरकारला सोसवत होती. ती स्वयंपाकघरातल्या भाषेत उतरली तेव्हा सोसवेनाशी झाली. भाषांतराचे सामर्थ्य सांगणारे याहून सरळ उदाहरण क्वचितच मिळेल.

स्वातंत्र्यानंतर टीका करणारे बदलले, पण टीकेचा हा नियम बदलला नाही. १ जुलै १९५३ रोजी कलकत्त्याच्या ट्रामचे दुसऱ्या वर्गाचे भाडे एका पैशाने वाढले. कंपनी ब्रिटिश मालकीची होती. डाव्या पक्षांनी प्रतिकार समिती स्थापन केली, महिनाभर शहर पेटले आणि वाढ मागे घ्यावी लागली. ‘एक पैशाची लढाई’ म्हणून हे आंदोलन बंगालच्या स्मृतीत राहिले आहे. एक पैसा ही रक्कम क्षुल्लक होती, असे त्या वेळी अनेकांनी म्हटले. परंतु ती आंदोलनाची दुर्बलता नसून बळ होते. शेकडा प्रमाणाला कोणी मूठ आवळून दाखवू शकत नाही. पैसा मात्र मुठीत मावतो.

माशीमा हावड्यात आल्या तेव्हा ‘मूल्यवृद्धि ओ दुर्भिक्ष प्रतिरोध कमिटी’ स्थापन होण्याच्या बेतात होती. नावात दुर्भिक्ष हा शब्द उगीच आलेला नव्हता. १९४३ च्या दुष्काळाला तेव्हा पंधरा वर्षेच झाली होती. बंगालमधील लाखो माणसे मेली, ती मुख्यतः तांदूळ देशात नव्हता म्हणून नव्हे, तर तो त्यांच्या आवाक्याबाहेर गेला म्हणून, ही गोष्ट अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. बंगाली गृहिणींना ती आधीपासून माहीत होती. त्यामुळे महाराष्ट्रात ‘भाव वाढले’ हे वाक्य तक्रार म्हणून उच्चारले जाई, तर बंगालमध्ये त्यामागे मरणाची आठवण उभी असे. ३१ ऑगस्ट १९५९ रोजी अन्नासाठी निघालेल्या मोर्चावर कलकत्त्यात लाठ्या पडल्या. पुढच्या दिवसांत गोळीबार झाले. हावड्यातही आग पसरली. ऐंशी माणसे मृत्युमुखी पडली, असे आंदोलकांचे म्हणणे होते. त्या आठवड्यात माशीमांच्या वहीत सलग तीन दिवस एवढेच शब्द आहेत : ‘दुकान बंद. घरात होते ते.’

समोरच्या घरात एका इंजिनिअरिंग कारखान्यातले फिटर राहत. पक्षाचे निष्ठावंत कार्यकर्ते. मोर्चा असला की पुलावरून पायी धरमतल्याला जाणार आणि रात्री घोगऱ्या आवाजाने परतणार. माशीमा त्यांना ‘दादा’ म्हणत. १९६५ पासून औद्योगिक पट्ट्यात सक्तीचे रेशनिंग आले आणि तांदळाच्या जोडीला अमेरिकन गहू मिळू लागला, तेव्हा भातावर वाढलेल्या या गल्लीत मोठीच पंचाईत झाली. दादांच्या पत्नीने आणि आणखी चारपाच जणींनी माशीमांच्या ओट्यापाशी बसून पोळी लाटायचे शिकून घेतले. बदल्यात त्यांच्याकडून थोडा तांदूळ इकडे येई. वहीत त्या देवघेवीची नोंद ‘गहू दिला, तांदूळ घेतला’ अशी आहे; तिला भाव नाही.

फेब्रुवारी १९६६ मध्ये अन्न आणि रॉकेल मागणाऱ्यांवर स्वरूपनगरला गोळ्या झाडल्या गेल्या आणि नुरुल इस्लाम हा शाळकरी मुलगा मारला गेला. मुख्यमंत्री प्रफुल्लचंद्र सेन यांनी बटाट्याऐवजी कच्ची केळी खाण्याचा सल्ला दिल्याचे प्रसिद्ध झाले आणि ‘कांचकला’ हा शब्द वर्षभर विरोधकांच्या भाषणातून हटला नाही. सल्ला आहारशास्त्राच्या दृष्टीने चूक नव्हता. पण उपाशी माणसाने काय खावे हे पोट भरलेल्याने सांगणे कोणत्याच भाषेत खपत नाही. १९६७ च्या निवडणुकीत सेन स्वतः आरामबागेत पडले. त्यांना हरविणारे अजय मुखर्जी संयुक्त आघाडीचे मुख्यमंत्री झाले आणि ज्योती बसू उपमुख्यमंत्री. दादांनी गल्लीत मिठाई वाटली.

त्याच उन्हाळ्यात तांदूळ पुन्हा भडकला. अन्नखाते आता आघाडीकडे होते. केंद्र पुरेसे धान्य देत नाही, जोतदार साठा बाहेर काढत नाहीत, असे सांगण्यात येऊ लागले. दोन्ही गोष्टींत तथ्य होते. माशीमांनी एके सकाळी दाराशी दादांना विचारले, “दादा, आता मोर्चा कोणावर?”

“बौदी, केंद्राने तांदूळ दिला नाही तर सरकार काय करणार?”

“मागचं सरकारही हेच म्हणत होतं ना?”

दादा काही बोलले नाहीत. पुढे कित्येक दिवस त्यांनी या घराची पायरी चढली नाही. ही हकिकत माशीमा सांगतात तेव्हा त्यांच्या स्वरात विजय नसतो, खंत असते. त्यांना दादांना खोटे पाडायचे नव्हते. त्यांना खरोखरच उत्तर हवे होते. विचारणारा माणूसच उत्तरे द्यायला बसला, तर विचारायचे कोणी, हा त्यांचा प्रश्न होता. आणि तो राज्यशास्त्राचाही एक मूलभूत प्रश्न आहे. त्याच वर्षाच्या सुमारास रेल्वे वाघिणींच्या मागण्या घटल्या, हावड्याच्या ओतशाळा आणि कारखाने थंडावले. दादांच्या कारखान्यात कामाचे दिवस कमी झाले. त्या महिन्यांत वहीत ‘गहू दिला’ अशी नोंद पुष्कळदा आहे. ‘तांदूळ घेतला’ अशी नाही. त्यानंतर कधीतरी दादा पुन्हा येऊ लागले.

दरम्यान मुंबईत राहणाऱ्या धाकट्या बहिणीची पत्रे येऊ लागली. १९७२ च्या दुष्काळानंतर तेथे महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली होती. समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, साम्यवादी अहिल्या रांगणेकर आणि तारा रेड्डी अशा एरवी एका व्यासपीठावर न दिसणाऱ्या स्त्रिया तीत एकत्र आल्या. तेल, साखर, रॉकेल, धान्य एवढाच त्यांचा कार्यक्रम होता आणि लाटणे हे त्यांचे निशाण. हजारो बायका लाटणी घेऊन, थाळ्या बडवीत रस्त्यावर आल्या. बहिणीने लिहिले, ‘ताई, मीही लाटणं घेऊन गेले होते. घरी आल्यावर त्याच लाटण्याने पोळ्या केल्या.’ माशीमांनी ते पत्र त्या वर्षीच्या वहीत जपून ठेवले आहे. कलकत्त्याच्या भुकेल्या मोर्चात मरणाची आठवण होती. मुंबईच्या मोर्चात घरातला रोजचा राग होता. एकाचा स्वर शोकाचा, दुसऱ्याचा भांडणाचा. दोन्हींची आर्थिक मागणी जवळजवळ सारखीच असूनही दोन शहरांच्या वाङ्मयाला दोन निरनिराळे रस त्यांतून मिळाले.

१९७३-७४ मध्ये घाऊक भाववाढ वीस टक्क्यांवर गेली आणि पुढच्या वर्षी तिने पंचविशी गाठली. ८ मे १९७४ रोजी जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशभरचे रेल्वे कामगार संपावर गेले. बोनस आणि वेतनाबरोबरच स्वस्त दरात धान्य पुरविणारी दुकाने चालवावीत, हीही त्यांची मागणी होती. माशीमांचे यजमानही संपात होते. वीस दिवसांनी संप मागे घेण्यात आला. त्या मे महिन्याच्या पानावर भाजीचा रकाना रोज आखडत जातो; मग एका ओळीत ‘सोनाराकडून आले’ असे शब्द आणि पुढे रक्कम आहे. काय दिले, ते लिहिलेले नाही. माहेरच्या पाटल्या त्यानंतर कोणी त्यांच्या हातात पाहिल्या नाहीत. देशभर हजारो संपकरी नोकरीतून दूर झाले होते. यजमान वाचले, पण पुढची तीन वर्षे घरात दार वाजले की सर्वजण दचकत.

१९७७ मध्ये सत्तापालट झाला आणि रेल्वेमंत्रिपदी मधू दंडवते आले. विरोधी बाकांवरून सरकारवर आर्थिक टीका करणारा हा समाजवादी प्राध्यापक आता स्वतः उत्तर द्यायच्या जागी बसला. त्याने संपकाळात काढलेल्या कामगारांना परत कामावर घेण्याचा निर्णय केला. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच जाडीची गादी बसविण्याची सुरुवात त्याच्याच कारकिर्दीत झाली. त्याच वर्षीच्या २६ डिसेंबरपासून मुंबई आणि हावडा यांच्यामध्ये, नागपूरवरून, गीतांजली एक्सप्रेस ही वर्गविरहित गाडी धावू लागली. समतेविषयीची असंख्य भाषणे आणि पत्रके दोन इंच गादीत उतरली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. माशीमा १९७८ च्या मे महिन्यात त्या गाडीने माहेरी गेल्या. वहीत तिकिटाची रक्कम आहे आणि तिच्यापुढे, साठ वर्षांच्या हिशेबात कोठेही न आढळणारा, स्तुतीचा एक शब्द : ‘बाक मऊ.’

या दोन शब्दांमुळे विरोधकांच्या टीकेकडे निव्वळ निराशेने पाहता येत नाही. सत्तेत गेल्यावर सगळेच सारखे, हे विधान सोपे आहे आणि म्हणूनच संशयास्पद आहे. तांदळाचा भाव कोणत्याही मंत्र्याच्या एकट्याच्या हाती नसतो. परंतु जे हाती असते, त्यात कालचा प्रश्न लक्षात ठेवणे शक्य असते.

टीकेची आणखी एक बाजू या वह्यांत दिसत नाही. ती महाराष्ट्रात दिसते. १९८० मध्ये शरद जोशी यांनी चाकणला कांद्यासाठी आंदोलन उभारले, ते भाव वाढवून मिळावा म्हणून. त्याच वर्षीच्या निवडणूक प्रचारात, तेव्हा विरोधात असलेल्या इंदिरा गांधींनी महाग कांद्याचा प्रश्न देशभर गाजविला होता. हावड्याच्या बाजारातला कांदा बहुतेक नाशिकचा. पिकविणारा ‘भाव’ म्हणतो आणि खाणारी ‘महागाई’ म्हणते, ती वस्तू एकच. महागाईवरील टीका पुष्कळदा एकाच कानाने ऐकते. माशीमांना हे सांगितले तेव्हा त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “मग मधले पैसे कुठं जातात, ते कोणी लिहिलंय का वहीत?”

पश्चिम बंगालमध्ये डावी आघाडी १९७७ पासून चौतीस वर्षे सत्तेवर राहिली. २०११ मध्ये तृणमूल काँग्रेसने तिला हटविले आणि पुढच्याच वर्षी डिझेलची दरवाढ, गॅस सिलिंडरवरील मर्यादा आणि किरकोळ व्यापारातील परकीय गुंतवणूक या प्रश्नांवर केंद्र सरकारचा पाठिंबा काढून घेतला. ऑक्टोबर २०१३ मध्ये राज्याचे सचिवालय कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून हावड्यात, मंदिरतळ्याच्या एका उंच इमारतीत आले. मुळात तयार कपड्यांच्या व्यवसायासाठी बांधलेल्या या इमारतीला नाव दिले गेले ‘नबान्न’. नबान्न म्हणजे नव्या तांदळाचा सण. आणि १९४४ मध्ये रंगभूमीवर आलेल्या बिजन भट्टाचार्य यांच्या दुष्काळावरील नाटकाचेही तेच नाव. ज्या शब्दाने उपाशी शेतकऱ्याची कथा सांगितली, तो राज्यकारभाराच्या दारावर लागला.

त्यामुळे मोर्चांची दिशाच उलटली. दादांच्या काळी माणसे हावड्याहून पूल ओलांडून कलकत्त्याला प्रश्न विचारायला जात. २०१३ नंतर डावे, भाजपवाले, विद्यार्थी, बेकार तरुण कधी रोजगारासाठी तर कधी भ्रष्टाचाराविरुद्ध ‘नबान्न अभियान’ करीत हावड्याकडे येऊ लागले. अशा दिवशी रस्त्यांवर लोखंडी अडथळे उभे राहत आणि माशीमांच्या गल्लीत हातगाडी पोचत नसे. १९५९ च्या पानासारखीच ओळ मग नव्या वहीत उमटे : ‘भाजीवाला आला नाही. घरात होते ते.’ दोन ओळींमध्ये पाच दशकांहून अधिक अंतर आहे. सरकारे बदलली आहेत, विरोधकही बदलले आहेत.

वाङ्मयाचे अभ्यासक दुष्काळावरील नाटके आणि कादंबऱ्या तपासतात आणि ते योग्यच आहे. पण त्या कृतींच्या मागे पत्रके होती, पत्रकांच्या मागे सभा होत्या आणि सभांच्या मागे अशा असंख्य वह्या. त्यांतल्या बहुतेक रद्दीत गेल्या. विरोधकांची कोणतीही आर्थिक टीका खरी की पोकळ हे ठरविण्याची कसोटी मात्र तेथेच होती : ती या वहीतून निघाली का, आणि सत्तेपर्यंत जाऊन पुन्हा या वहीपर्यंत परत आली का? मिठाचा कर परत आला होता. दोन इंच गादी परत आली होती. पाटल्या परत आल्या नाहीत.

आता माशीमांना दिसत नाही. नात शेजारी बसून लिहिते. बंगाली शाळेत शिकलेल्या तिचे मराठी अक्षर वळणदार नाही, ऱ्हस्वदीर्घही चुकतात. भाव ऐकला की माशीमा मान हलवितात, पण तक्रार करीत नाहीत. महिन्याच्या पहिल्या तारखेला नात पान उघडते, वर ‘श्री’ काढते आणि न विचारता खाली लिहिते : मीठ. मग विचारते, “आजी, पुढे?”